टाकीतील हिरवे पाणी

मासे व भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविणाऱ्या घरगुती अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पाणी हिरवे झाले, की ते कसदार झाले असा समज होतो. तो घातक आहे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच तो शोषून घेते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागल्यास हवेचा पंप ताबडतोब सुरू करावा व त्या दिवशी खाद्य देऊ नये. शेवाळास ऊन व नत्र दोन्ही लागतात. नत्र भाजीलाही हवे; तेव्हा ऊन तोडणे हाच खरा उपाय. टाकीवर गोणपाटाची सावली करावी. मोरचूद मुळीच टाकू नये. त्याने शेवाळ मरेल, पण मासेही दगावतील, आणि मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवील.