डोक्याला मार : स्कॅन नॉर्मल आला, पुढे काय?

झाडावरून, जिन्यावरून किंवा सायकलवरून मूल डोक्यावर आपटले की पालक म्हणतात, ‘डॉक्टर, आधी स्कॅन काढा.’ काळजी रास्त आहे. पण मेंदूला बसलेला हादरा स्कॅनमध्ये दिसतोच असे नाही. या दुखापतीला आम्ही ‘कन्कशन’ म्हणतो. तीत मेंदूचे काम काही काळ बिघडते. मूल बेशुद्ध झाले नाही म्हणून हादरा बसलाच नाही, असे समजू नये. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेपणा, चिडचिड ही त्याची लक्षणे.

प्रत्येक मुलाला स्कॅन लागत नाही. अमेरिकेतील ४२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या मुलांचे स्कॅन टाळता येते, हे तपासणीवरून ठरविण्यास त्याची मदत होते. विनाकारण किरणोत्सर्ग टळतो, हा फायदा.

मात्र पुढील लक्षणे दिसताच न्यूरोसर्जन व स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे :

• वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी
• हलवूनही नीट जाग न येणे, फिट येणे
• बोलणे अडखळणे, हातापायांत कमजोरी
• नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव
• तान्ह्या बाळाने दूध न पिणे, सतत रडणे, टाळू फुगणे

फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. पण तिच्यासाठी खोळंबू नये. मूल केव्हा, किती उंचीवरून पडले, शुद्ध हरपली का, उलट्या किती झाल्या, औषध काय दिले, एवढे तीत हवे.

खरी गफलत नंतर होते. स्कॅन नॉर्मल आला की रुग्णालयाचे कार्ड कपाटात जाते आणि मूल मैदानात! मेंदू सावरण्याआधी पुन्हा मार बसला तर त्रास लांबतो. क्वचित मेंदूला सूज येऊन जिवावर बेतते. म्हणून ते कार्ड दोन दिवसांत फॅमिली डॉक्टरांना दाखवावे. पहिले २४ ते ४८ तास धावपळ नको, टीव्ही-मोबाईल कमी. घरात हिंडण्या-फिरण्यास हरकत नाही. शाळा हळूहळू सुरू करावी, शिक्षकांना कल्पना द्यावी. कबड्डी-क्रिकेट डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.

बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. त्यानंतरही डोके दुखत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर फॅमिली डॉक्टरांमार्फत पुन्हा तज्ज्ञांकडे जावे.

तज्ज्ञ मुलाला एक-दोनदा पाहतात. फॅमिली डॉक्टर त्याला आधीपासून ओळखतात, त्यामुळे त्याच्यातील बदल त्यांच्या लवकर लक्षात येतो. या दोघांना जोडणारे कागद पालकांच्याच हाती असतात. ते जपून ठेवा आणि दोघांनाही दाखवा.