आमवात आणि हालचाल

सांधे दुखू लागले की आपल्याकडे सरसकट ‘संधिवात’ म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः या एका नावाखाली दोन अगदी निराळे रोग येतात. एक सांधे झिजण्याचा. तो बहुधा उतारवयात येतो. दुसरा आमवात. यात शरीराची संरक्षक शक्तीच उलटते आणि सांध्याच्या आतील अस्तरावर चाल करून जाते. हा रोग पुष्कळदा तिशी ते साठीच्या दरम्यान जडतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ मुठी वळत नाहीत, ही त्याची ठळक खूण. झिजेच्या दुखण्यात हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो.

आम्ही हा लेख रोग्यापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी लिहीत आहोत. कारण रोग कळताच घरात दयेचा पूर येतो. आईच्या हातातले लाटणे काढून घेतले जाते, पाण्याचा तांब्याही जागेवर येतो, आणि ‘तू नुसती बसून राहा’ असे सगळे बजावतात. वर्षभराने तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. दोष सगळा रोगाच्या माथी जातो. त्यातला पुष्कळसा त्या बसण्याचा असतो.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा दबतो आणि सुटतो, तेव्हा आतील द्रव तिच्यात भिनतो व तिचे पोषण होते. शिवाय सांध्याला सावरून धरणारे स्नायू न वापरल्यास झपाट्याने रोडावतात आणि भार दुखऱ्या सांध्यावरच पडतो.

पूर्वी डॉक्टरही दीर्घ विश्रांतीच सांगत. हे मत हळूहळू पालटले. हॉलंडमध्ये सुमारे ३०० रोग्यांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रोग्यांनी आठवड्यातून दोनदा, सव्वा सव्वा तास, सायकल व खेळांसह चांगला जोरकस व्यायाम केला. त्यांची कामे करण्याची शक्ती वाढली, आणि हातापायांच्या लहान सांध्यांची हानी अधिक झाली नाही. मात्र ज्यांचे गुडघे किंवा खांदे आधीच फार बिघडले होते, त्यांच्याबाबत सावधगिरीची सूचना त्यातूनच निघाली. अशांनी सौम्य व्यायामच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

प्रमाण कसे ओळखावे? व्यायामानंतर वाढलेली कळ दोन तासांहून अधिक टिकली, तर दुसऱ्या दिवशी थोडे कमी करावे; बंद मात्र करू नये. सांधा लाल, गरम व सुजलेला असेल त्या दिवसांत जोर लावू नये. तेव्हाही दिवसातून एकदोनदा तो हलके हलके जमेल तितका वाकवावा व सरळ करावा. जुना आमवात मानेच्या वरच्या मणक्यांनाही सैल करतो. म्हणून शीर्षासन, मान मोडून घेणे, न्हाव्याकडून मानेला झटका देववणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

नमाजाचे उदाहरण आम्हांस जवळचे. आजाऱ्यास बसून नमाज पढण्याची सवलत आहे, आणि ती निःसंकोच घ्यावी. परंतु एका वाईट आठवड्यात घेतलेली खुर्ची पुढे कायमची होते, असे आम्ही पाहिले आहे. बरे दिवस येताच रुकू जमतो का, हे पाहावे. ज्यांच्या घरी सूर्यनमस्काराची सवय आहे, त्यांनाही हेच लागू.

व्यायाम औषधाच्या जागी नव्हे, जोडीला आहे. मेथोट्रेक्सेट हे यातले मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. तो वार घरातल्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा.

फ्रेंच चित्रकार रेन्वार याने या रोगाने ग्रासलेली सुमारे २५ वर्षे चित्रे काढण्यात घालविली. हात चालते राहावेत म्हणून तो सकाळी लहान चेंडू उडवून झेलीत असे. आपल्याकडे कणकेचा गोळा पुरे. तो हळूच दाबावा, मग बोटे एकेक करून पसरावीत. थंडीत हात आधी कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवावेत; आणि सकाळी बोटे अगदीच ऐकेनाशी झाली, तर हाच व्यायाम दुपारी करावा.