डिस्क लावायची, पण कशात?

पोरासाठी गेमचा कन्सोल घ्यायचाच आहे, मग वेगळा ब्लू-रे प्लेअर कशाला, असं अमरावतीत मला बरेच जण विचारतात. एकेकाळी हा हिशेब बरोबर होता. 2007 मध्ये भारतात आलेला प्लेस्टेशन 3 तेव्हाच्या बहुतेक सुट्या प्लेअरपेक्षा सरस होता. डिस्क झटकन सुरू व्हायची आणि नेटवरून अपडेट येत राहायचे; थ्रीडी ब्लू-रेची सोयही 2010 मध्ये अशीच मिळाली. तो सल्ला लोकांच्या डोक्यात पक्का बसला, पण पुढची यंत्रं तशी राहिली नाहीत.

अकोल्याच्या आत्याकडे याचा फटका बसलेला मी पाहिला. आत्याच्या यजमानांजवळ, म्हणजे मामाजींजवळ, नाट्यसंगीताच्या सीडी, नाटकांच्या डीव्हीडी आणि थोड्या ब्लू-रे डिस्क. जुना प्लेअर बंद पडला, नातवाचा कन्सोल टीव्हीखाली होताच, म्हणून नवा खर्च टाळला. मामाजींनी फडक्यानं पुसून सीडी आत सरकवली, यंत्रानं ती गिळली, थोडी घरघर झाली आणि ही डिस्क चालत नाही अशी पाटी पडद्यावर आली. आत्या म्हणाली, "काहून रे बापू, सिनेमा चालते न् गाणं काहून नाही चालत?"

कारण प्लेस्टेशन 4 काय नि 5 काय, ऑडिओ सीडी वाजवतच नाहीत. थ्रीडी ब्लू-रे 4 वर दिसते, 5 वर नाही. 4K डिस्क ड्राइव्ह असलेल्या 5 वर चालते. 4 वर नाही, अगदी 'प्रो' असला तरी नाही. एक्सबॉक्समध्ये ड्राइव्ह असलेल्या वन एस, वन एक्स आणि सीरिज एक्सवर ती चालते. सीरिज एसला ड्राइव्हच नाही. म्हणून दुकानदार 'फोरके' म्हणाला की गेमबद्दल म्हणतोय की डिस्कबद्दल, हे तिथंच विचारावं.

चित्राची चिंता फार करू नका. साधी ब्लू-रे एचडीएमआय केबलनं एकाच टीव्हीवर कन्सोल आणि सुटा प्लेअर अशा दोन्हींतून पाहा, फरक शोधावा लागतो. डॉल्बी व्हिजनच्या 4K डिस्कचं मात्र वेगळं आहे. प्लेस्टेशन 5 आणि सीरिज एक्स डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन दाखवत नाहीत, चांगले सुटे प्लेअर दाखवतात. तुमच्या टीव्हीत ते असेल तरच त्यासाठी पैसे मोजावेत.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाळ्याचा. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि प्लेस्टेशन 5 ला कंपनीनं सांगितलेली मर्यादा 35 अंशांची. सुट्या प्लेअरचीही साधारण तेवढीच असते, पण साधा प्लेअर 15-20 वॅटमध्ये भागवतो, कन्सोलला नुसता सिनेमा लावायलाही त्याच्या कितीतरी पट वीज लागते. ती सगळी उष्णता शोकेसच्या काचेमागे कोंडते. आत्याकडचं यंत्र ऐन दुपारी पंख्याचा आवाज करत मध्येच बंद पडायचं. कन्सोल उघड्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. कूलरच्या झोतात मात्र नको, त्या दमट हवेसोबत धूळ आत जाऊन बसते. लाइन गेली-आली तर प्लेअर निमूट पुन्हा सुरू होतो, कन्सोल आधी आपली स्टोरेज तपासत बसतो. म्हाताऱ्या माणसांना तेवढ्यातच गोंधळायला होतं. त्यात गेमपॅडवर सिनेमा थांबवणं मामाजींना शेवटपर्यंत जमलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. प्लेस्टेशनचा वेगळा रिमोट मिळतो, तोही खर्चात धरावा.

शेवटी मामाजींनी सुटा प्लेअर आणला आणि कन्सोल नातवाच्या खोलीत गेला. मला हीच वाटणी योग्य वाटते.

परदेशातून येणाऱ्या डिस्कबाबत दोन्ही यंत्रं सारखीच आडमुठी. ब्लू-रेच्या वाटणीत भारत 'सी' विभागात आहे, अमेरिका 'ए'मध्ये. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा क्रायटेरियन कंपनीनं 2015 मध्ये काढलेला सुंदर संच 'ए'चा. इथल्या यंत्रात तो चालत नाही. 4K डिस्कला हे बंधन नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भावाला मागायचीच तर ती मागा.

ओप्पोनं 2018 मध्ये प्लेअर बनवणं सोडलं, इतरही कंपन्या बाहेर पडल्या. अमरावती-अकोल्याच्या दुकानांत आता प्लेअर सहसा मांडलेला दिसत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. तो आला की परत करायची मुदत संपण्याआधी घरातली प्रत्येक प्रकारची एकेक डिस्क लावून बघा, आणि सर्वांत लांब सिनेमा दुपारी, कूलर बंद ठेवून, पूर्ण चालवा.