स्कूबाचं कार्ड आहे, मग पुन्हा तालीम कशाला?

प्रश्न : २०१८ साली अंदमानात हॅवलॉकला मी स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला. पुढे लग्न, बाळ, कोविड यांत समुद्र राहूनच गेला. आता दिवाळीनंतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जायचं ठरतंय. तिथल्या डाइव्ह शॉपवाल्यांचं म्हणणं, आधी रिफ्रेशर करा. कार्डाची मुदत कधी संपत नाही असं ऐकलंय. मग हे जादा पैसे कशाचे? सायकल शिकलेला माणूस सायकल विसरतो का? आणि घरी काही तयारी करता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुदत संपत नाही हे खरं. पॅडी या प्रशिक्षण संस्थेचं ओपन वॉटर प्रमाणपत्र कायमचं असतं आणि त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पण ते कार्ड इतकंच सांगतं, की अमुक साली हे सगळं तुम्हाला येत होतं.

सायकलचा दाखला इथे चालत नाही. सायकलवर तोल गेला की अंगवळणी पडलेली हालचाल आपोआप होते आणि बहुधा बरोबरच होते. पाण्याखाली घाबरलेलं शरीर मात्र आपोआप जे करतं, ते नेमकं चुकीचं असतं. श्वास रोखणं, नाकाने हवा ओढणं, वर धाव घेणं, ही आपली जमिनीवरची उपजत बुद्धी. कोर्समध्ये घोटून घोटून तिला गप्प केलं होतं; इतक्या वर्षांत ती पुन्हा जागी झाली असणार. रिफ्रेशर असतो तो तिच्यासाठी. पुस्तकातलं ज्ञान तुम्ही एका संध्याकाळी चाळून घ्याल.

श्वास रोखण्याचंच बघा. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. वीस मीटरवरून दहावर येताना ती दीडपटच फुगते. खरा धोका असतो तो शेवटच्या काही मीटरांत. भरल्या छातीने जेमतेम दीड मीटर वर आल्यानेही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. त्यामुळे ‘स्विमिंग पूलच तर आहे’ असं म्हणून तिथला सराव हसण्यावारी नेऊ नका.

दुसरी परीक्षा मास्कची. मास्कमध्ये पाणी शिरलं की काय करायचं ते तोंडपाठ असतं: वरची कड कपाळाशी दाबायची, नजर थोडी वर, नाकातून सावकाश हवा सोडायची. पण नाकाला पाणी लागताक्षणी ठसका लागतो आणि सगळं पाठांतर वाहून जातं. तोंडाने श्वास घ्यायचा आणि नाक गप्प ठेवायचं, ही सवय न वापरल्याने मोडते. तुमच्या घरच्या तयारीचं उत्तर यातच आहे. पूलच्या उथळ बाजूला, कुणीतरी शेजारी उभं असताना, मास्क न लावता तोंड पाण्यात घालून नुसत्या स्नॉर्केलने श्वास घ्या. पहिले दोन-तीन श्वास जड जातील, मग नाक ऐकू लागेल. रेग्युलेटर आणि सिलिंडर मात्र इन्स्ट्रक्टरशिवाय पाण्यात न्यायचे नाहीत.

तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधणं, बडीच्या (जोडीदाराच्या) ऑक्टोपसवर म्हणजे जादा रेग्युलेटरवर श्वास घेणं, पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासणं, हे इन्स्ट्रक्टर करून घेईलच. वजनांकडे मात्र स्वतः लक्ष द्या, कारण लॉगबुकात लिहिलेला शिशाचा आकडा आता तुमचा राहिलेला नाही. पोट सुटलं असेल (रागावू नका, बाळ झाल्यावर बाबांचंही सुटतं), तर चरबी तरंगते. वेटसूट जाड असेल तर तोही तरंगतो. गोड्या पाण्याच्या पूलमध्ये जुळवलेलं वजन समुद्रात साधारण दोन-अडीच किलोंनी कमी पडतं. भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असतं. अकरा लिटरचं सिलिंडर २०० बारवरून ५० बारवर आलं, की सुमारे दोन किलो हवा गेलेली असते. म्हणजे वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, नेमकं त्याच वेळी तुम्ही सर्वांत हलके असता आणि वर ढकलले जाता. ज्याला हे जुळवता येत नाही तो कमरेला शिसं वाढवत जातो, मग बीसीडी (तरंगण्याचं जाकीट) फुगवत जातो आणि हवा त्यातच वाया घालवतो.

काही जण म्हणतात, मालवणला एक डाइव्ह केली की झाला रिफ्रेशर. तसं नाही. तिथे पर्यटकांना पाण्याखाली नेतात तेव्हा इन्स्ट्रक्टर सतत धरून असतो. वजन, हवा, खोली सगळं तोच सांभाळतो. मजा येते, सराव होत नाही. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, तिथे चौकशी करा. किंवा नेत्राणीच्या बेतात रिफ्रेशरसाठी एक दिवस वाढवा आणि पहिली डाइव्ह उथळ ठेवा. परत येताना विमान असेल तर लागोपाठच्या डाइव्हनंतर किमान १८ तास मोकळे सोडा.

राहता राहिला पैशांचा संशय. रिफ्रेशर न मागता तुम्हाला सरळ बोटीत चढवणाऱ्या दुकानावर माझा जास्त संशय आहे. नेत्राणीची बोट जिथून सुटते त्या मुर्डेश्वरला पोहोचलात की तब्येतीचा फॉर्म भरताना दमा, रक्तदाब, कोविडनंतर छातीला झालेला त्रास, काही लपवू नका. आणि शेवटच्या डाइव्हच्या रकान्यात २०१८ हेच साल लिहा.