गाडीचं काय करावं, सांगते ऐक

अगं माय, काल फोनवर तू इतकी रडकुंडीला आलीस की मला मधे शब्द घालता आला नाही. आता निवांत सांगते. गाडी देवगाव फाट्यावर बंद पडली, टोचन करून गॅरेजला नेली, मिस्त्री म्हणाला इंजिन खोलावं लागेल. संध्याकाळपर्यंत पाव्हणे म्हणाले विकून टाकू, दीर म्हणाला भंगारात घाल, शेजारी म्हणाला दुरुस्त कर. फाट्यावर सल्ल्याला काय तोटा? जिंतूर, सेलू, मंठा, तिन्हीकडची माणसं तिथं चहाला थांबतात आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक मिस्त्री आणि एक गिऱ्हाईक असतंच. फाट्यावरून सेलू, पाथरी, परळी, अंबाजोगाई असा रस्ता आमच्या लातूरला येतो खरा, पण बंद गाडी इतक्या लांब दाजींच्या गॅरेजवर ओढून आणण्यात अर्थ नाही. तिथंच काम बघू. मी गॅरेजची नुसती वही लिहिते, पण वहीत सगळं दिसतं बरं.

आधी एक कर. ‘परत एकदा सेल्फ मारून बघू’ असं पाव्हण्यांना अजिबात करू देऊ नकोस. गाडी गरम होऊन थांबली असेल आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असेल, तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग आठ-दहा हजारांत भागणारं कामही हाताबाहेर जातं.

आता मिस्त्रीला विचार, इंजिन खोलायचं हे तू काय बघून ठरवलंस? रागानं नको, सहज विचार. ऑइलची पट्टी तुझ्यासमोर काढायला लाव. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. बहुतेक हेड गास्केट गेलं असेल, आणि हेड थोडं वाकलं असेल तर ते घासून सरळ करून मिळतं. बंद पडायच्या आधी निळा धूर येत होता का, ऑइल सारखं कमी होत होतं का, ते आठव. तसं असेल तर रिंग-पिस्टनकडे बोट जातं, आणि ते मोठं काम. नुसता काळा धूर असेल तर डिझेल नीट जळत नाही एवढंच; इंजेक्टर, एअर फिल्टर, टर्बो आधी बघायचे, इंजिनला हात नंतर. कॉम्प्रेशन तपासून घे. डिझेलचा गेज वेगळा लागतो. त्याच्याकडे नसेल तर परभणीहून किंवा जालन्याहून माणूस बोलव, पण मोजल्याशिवाय खोलू देऊ नकोस. कारण एकदा इंजिन खोलून ट्रेमध्ये पडलं की ती गाडी विकायला तुझ्या हातात काही उरत नाही. गिऱ्हाईक सुट्या इंजिनाची किंमत भंगाराच्या हिशेबानंच करतं.

मग तीन आकडे काढ. धड चालू असती तर ही गाडी आज केवढ्याला गेली असती? उभी आहे तशी केवढ्याला जाईल? काम केवढ्याचं? समज, धड गाडी दीड लाखाची, अशीच सत्तर हजारांची. मधे ऐंशी हजारांचं अंतर. काम पन्नासात होत असेल तर कर. नव्वद सांगत असेल तर दोषासकट विकून मोकळी हो. गाडी तूच वापरणार असशील तर मात्र आणखी एक बघ: त्याच पैशात दुसरी जुनी गाडी येईल, पण तिच्या पोटात काय आहे ते तुला ठाऊक नसेल. हिचं निदान कळलेलं तरी आहे.

या हिशेबात मागच्या दिवाळीला टाकलेले टायर धरू नकोस. ते पैसे गेले. ‘वहिनी हसतील’ हेही धरू नकोस. तू फोनवर दहा वेळा वहिनीच काढलीस, म्हणून बोलले.

दिराचं म्हणणं की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, ते दिल्लीकडचं ऐकून आलेलं दिसतंय. आपल्याकडे घरगुती गाडीचं पासिंग तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर. तुझी २०११ ची असेल तर हा खर्चही कामाच्या आकड्यात घाल. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यानं नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. ती नसेल तर आरटीओत काम अडतं.

तोडायचा विचार मी फक्त एकाच वेळी करीन, पत्रा आणि चेसिस गंजानं खाल्लेली असेल तेव्हा. परभणीच्या कोरड्या हवेत ते सहसा होत नाही, पण गाडी आधी मुंबई-कोकणात फिरलेली असेल तर जॅकवर चढवून खालून बघ. तशी निघालीच, तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नकोस. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दे. तिथं ठेव प्रमाणपत्र मिळतं, नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत असते, आणि मुख्य म्हणजे तुझ्या नावची नोंद रद्द होते. नाहीतर तुझा चेसिस नंबर कुठल्या गाडीवर फिरेल सांगता येत नाही.

विकताना काय बिघडलंय ते स्पष्ट सांग, आणि चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घे. जाड ऑइल टाकून धूर दडवणारे असतात. तू त्यातली होऊ नकोस. तीच तोंडं उद्या फाट्यावर भेटणार आहेत.

आणि टीटी फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकली, ‘नावावर करून घेतो ताई’ म्हणाला, एवढ्यावर कधीच थांबू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलं: गाडी हातोहात कितीही जणांकडे गेलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. बँकेचा बोजा असेल तर आधी उतरव. विक्री झाल्याचं चौदा दिवसांत आरटीओला कळव. गिऱ्हाईक पाव्हण्यांच्या ओळखीचं असलं तरी हेच कर, आणि पाव्हणे तोंड वाकडं करतील तर माझं नाव सांग.