‘ऑनेस्ट’ : एक शब्द आणि ‘ऑथेल्लो’चा अनुवाद

इंग्रजी ‘ऑनेस्ट’ म्हणजे मराठी ‘प्रामाणिक’, हे समीकरण शालेय शब्दकोशापुरते ठीक आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’पाशी ते कोलमडते. विल्यम एम्पसन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात ह्या नाटकातील ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ यांचे ५२ प्रयोग नोंदविले आहेत. इतक्या वेळा येणाऱ्या शब्दाकडे केवळ विशेषण म्हणून पाहता येत नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन असून मान, प्रतिष्ठा हा त्याचा मूळार्थ होय. शेक्सपिअरकालीन इंग्रजीत तो पुरुषाविषयी योजला की सचोटी किंवा मोकळाढाकळा स्वभाव सुचवी. स्त्रीविषयी योजला की बहुधा शीलशुद्धता. शिवाय वरिष्ठाने कनिष्ठाला ‘भला माणूस’ म्हणावे तशी, पाठीवर थाप मारणारी छटाही त्यात होती. इयागोच्या नावामागे लागणाऱ्या ‘ऑनेस्ट’मध्ये ही छटा ऐकू येते. ज्याला डावलून दुसऱ्यास बढती मिळाली, त्याला अशी शाबासकी बोचल्यास नवल नाही.

तिसऱ्या अंकात, कॅसिओ ‘ऑनेस्ट’ आहे ना, असे ऑथेल्लो विचारतो आणि इयागो तोच शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. हातरुमाल पुढे यायचा असतो. संशय मात्र त्यापूर्वीच ह्या प्रतिध्वनीतून रुजतो. पुढे डेस्डिमोनेविषयी ऑथेल्लो तोच शब्द उच्चारतो, तेव्हा प्रश्न शीलाचा झालेला असतो. जो शब्द तो इयागोला मुक्तहस्ताने बहाल करतो, तोच पत्नीकडून हिरावून घेतो. पाचव्या अंकात तर बियांका, जिला इतर पात्रे वेश्या मानतात, आपले जगणे एमिलियाच्या जगण्याइतकेच ‘ऑनेस्ट’ असल्याचे तिला तोंडावर सुनावते.

महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे, देवलांचे ‘झुंजारराव’ १८९० चे. पुढे शिरवाडकरांनीही हे नाटक मराठीत आणले. ह्या शब्दाचा पेच कोणाही अनुवादकाला चुकत नाही. इयागोला ‘प्रामाणिक’ आणि डेस्डिमोनेला ‘शीलवती’ म्हटले, की प्रत्येक वाक्य सुटे बिनचूक होते. नाटकाचा सांधा मात्र निखळतो. त्यातल्या त्यात ‘नेक’ हा शब्द मला जवळचा वाटतो. चाकर नेक असतो, स्त्रीही नेक असू शकते. परंतु त्याचा फारसी बाज प्रत्येक संवादाला मानवेल असे नाही.

तथापि ‘प्रामाणिक’ हा शब्द सर्वस्वी टाकाऊ ठरवू नये. वर्गात चर्चा करताना एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की त्याच्या पोटात ‘प्रमाण’ दडलेले आहे, जे ‘ऑनेस्ट’च्या व्युत्पत्तीत नाही. ऑथेल्लो पत्नीच्या दुराचाराचे प्रत्यक्ष प्रमाण मागतो. त्याला मिळते ते इयागोचे शब्दप्रमाण, आणि कॅसिओच्या हाती दिसलेला रुमाल, ज्याचा अर्थही इयागोच सांगतो. इयागो ‘प्रामाणिक’ आहे की नाही, ह्याचे प्रमाण मात्र तो कधीच मागत नाही.