अष्ठीला ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या आरंभाला वेढा घालून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. शास्त्रीय मराठीत तिला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. रुग्णालयात मात्र प्रोस्टेट हेच नाव रूढ आहे. वय वाढते तसा या ग्रंथीत कर्करोग उद्भवण्याचा संभवही वाढतो. भारतातील कर्करोग-नोंदणीत दिल्ली, कोलकाता, पुणे व तिरुवनंतपुरम यांसारख्या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये त्याचा क्रमांक बराच वरचा आढळला आहे. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी व तिला लागून असलेली दोन शुक्राशये काढून टाकता येतात. पुष्कळांच्या बाबतीत उपचार एवढ्यावर संपतो.

काहींच्या बाबतीत मात्र तो संपला की नाही, हेच कळत नाही. काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते व काही दिवसांनी तिचा अहवाल हाती येतो. कर्कपेशी ग्रंथीचे आवरण भेदून बाहेर गेल्या आहेत, शुक्राशयात शिरल्या आहेत, किंवा शस्त्रवैद्याने जेथून छेद घेतला त्या कडेपर्यंत पोचल्या आहेत, असे त्या अहवालात लिहिलेले असते. कडेपर्यंत पेशी आहेत, तेव्हा कडेच्या पलीकडेही काही राहिल्या असतील, ही शंका रास्त आहे. परंतु ती शंकाच होय, खात्री नव्हे. राहिल्या असतीलच असे नाही, आणि राहिल्या असल्या तरी त्या सर्व वाढतीलच असेही नाही.

अशा वेळी रुग्णापुढे दोन मार्ग असतात. जखम भरून आली की काही महिन्यांच्या आत, रोगाची कोणतीही खूण नसताना, ग्रंथीच्या रिकाम्या जागेवर किरणोपचार घ्यावेत, हा एक. काहीही न घेता रक्ताची ठरावीक काळाने तपासणी करीत राहावे व खूण दिसताच किरणोपचार घ्यावेत, हा दुसरा. घरातील मंडळींचा कल बहुधा पहिल्या मार्गाकडे असतो. शत्रू दाराशी आला नसला तरी तोफ डागून ठेवावी, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. तोफेला स्वतःची किंमत असते, ही गोष्ट त्या घाईत मागे पडते.

रक्तातील खूण

दुसरा मार्ग शक्य झाला तो एका प्रथिनामुळे. पी. एस. ए. या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात. त्याचे नैसर्गिक कार्य वीर्य पातळ ठेवणे हे असून त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो. ग्रंथी जागेवर असलेल्या पुरुषात हे प्रमाण वाढलेले दिसले तर त्याचा अर्थ संदिग्ध असतो. वयोमानाने ग्रंथी मोठी झाल्यामुळे किंवा तिला सूज आल्यामुळेही ते वाढते. ग्रंथी काढून टाकल्यावर ही संदिग्धता जवळजवळ नाहीशी होते. कारखानाच उरला नाही तर माल कोठून येणार? रक्तातील पी. एस. ए. दर दोन-तीन दिवसांनी निम्मे होत जाते, आणि सुमारे सहा आठवड्यांनी ते प्रतिमिलिलिटर ०.१ नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे व्यवहारतः शून्यावर, यावयास हवे. पुढे कधी ते पुन्हा दिसू लागले व वाढत गेले, तर प्रोस्टेटच्या पेशी शरीरात कोठे तरी जिवंत आहेत असे समजावे. क्ष-किरण चित्रात किंवा हाताला काही लागण्याच्या कित्येक वर्षे आधी ही सूचना मिळते.

किती वर्षे आधी, याचा अंदाज अमेरिकेतील बाल्टिमोर येथील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. शस्त्रक्रियेनंतर पी. एस. ए. पुन्हा वाढलेल्या ज्या रुग्णांना तत्काळ दुसरा उपचार दिला नव्हता, त्यांच्यात दूरच्या अवयवांत रोग दिसू लागेपर्यंतचा मध्यकाल आठ वर्षांचा होता, आणि त्यानंतर मृत्यूपर्यंतचा पाच वर्षांचा. म्हणजे पहिली घंटा वाजल्यावर बहुतेकांना विचार करण्यास सवड मिळते. अर्थात आकडा किती वेगाने दुप्पट होतो यावर पुष्कळ अवलंबून असते. दुप्पट होण्यास वर्षाहून अधिक काळ लागत असेल तर रोग मंद समजावा. काही महिन्यांतच होत असेल तर उशीर परवडत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे पी. एस. ए. शून्यावर येतच नाही, त्यांचा प्रश्न निराळा. त्यांच्या बाबतीत वाट पाहण्यासारखे काही उरलेले नसते. त्यांच्यासाठी पुढील तपासणी व उपचार लवकर ठरवावे लागतात.

किरणांची किंमत

किरणोपचारात कर्कपेशींच्या केंद्रकातील डी. एन. ए. तोडले जाते. निरोगी पेशींनाही तोच मार बसतो. परंतु त्या स्वतःची दुरुस्ती अधिक चांगली करू शकतात. त्यांना तेवढा अवधी मिळावा म्हणून एकूण मात्रा थोडी थोडी विभागून देतात. शस्त्रक्रियेनंतर एकूण सुमारे ६६ ग्रे मात्रा दररोज २ ग्रे याप्रमाणे ३३ बैठकांत देण्याची पद्धत प्रचलित आहे. आठवड्यास पाच बैठका धरल्या तर साडेसहा आठवडे होतात. थोड्या मोठ्या मात्रा देऊन बैठका वीसपर्यंत खाली आणण्याची रीतही आहे.

ग्रंथी काढल्यावर तेथे पोकळी राहत नाही. मूत्राशयाचे तोंड खाली ओढून मूत्रमार्गाला शिवलेले असते, आणि मागे लगेच गुदाशय असतो. किरण ज्या जागी पाडावयाचे ती जागा म्हणजे नेमका हाच नवा सांधा होय. तो पुरता भरून आला नसताना त्यावर किरण पडले तर लघवीवरील ताबा परत येण्यास अडथळा होतो, सांधा आकसून मूत्रमार्ग अरुंद होऊ शकतो, शौचावाटे रक्त जाऊ शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर हळूहळू परतणारी संभोगक्षमताही मंदावते. हे सर्वांना होत नाही. होते त्यांना मात्र ते वर्षानुवर्षे सोसावे लागते, आणि संकोचामुळे पुष्कळ जण वैद्यासही सांगत नाहीत. कपडे ओले होतील या भीतीने बाहेर पडणे सोडलेला माणूस कर्करोगमुक्त असला तरी तो बरा झाला असे म्हणणे कठीण आहे.

प्रयोगांनी काय दाखविले

या दोन मार्गांची तुलना मतांनी होत नसते; ती प्रयोगाने करावी लागते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून, एकाला लगेच व दुसऱ्याला गरजेप्रमाणे उपचार देऊन, वर्षानुवर्षे पाहावे लागते.

अमेरिकेत १९८८ ते १९९७ या काळात दाखल झालेल्या ४२५ रुग्णांच्या अशा एका प्रयोगात, लगेच किरणोपचार घेतलेल्यांपैकी दहा वर्षांनी ७४ टक्के हयात होते, तर न घेतलेल्यांपैकी ६६ टक्के. हा फरक लहान नव्हे, आणि पुष्कळ वर्षे वैद्य त्याचाच दाखला देत असत. पण दुसऱ्या गटातील बहुतेकांना किरणोपचार फार उशिरा मिळाले किंवा मिळालेच नाहीत. ती तुलना लगेच उपचार व वेळेवर उपचार यांची नव्हती. लगेच उपचार व दुर्लक्ष यांच्यामधील ती तुलना होती, असेच म्हणावे लागेल. युरोपात एक हजारावर रुग्णांवर झालेल्या तशाच प्रयोगात आयुर्मानात फरक आढळला नाही.

खरा प्रश्न विचारला तो पुढच्या पिढीतील तीन प्रयोगांनी. त्यांपैकी सर्वांत मोठा ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क व कॅनडा येथे १३९६ रुग्णांवर झाला. दुसरा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ३३३ रुग्णांवर, आणि तिसरा फ्रान्समध्ये ४२४ रुग्णांवर. तिन्हींत दुसऱ्या गटावर काटेकोर पहारा होता: पी. एस. ए. ०.१ किंवा ०.२ वर पोचताच किरणोपचार सुरू होत. तिन्ही प्रयोगांतील २१५३ रुग्णांचे एकत्रित गणित २०२० साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षे रोगाने पुन्हा डोके वर न काढलेल्यांचे प्रमाण एका गटात ८९ टक्के व दुसऱ्यात ८८ टक्के होते. थांबलेल्या गटातील शंभरांपैकी सुमारे ३९ जणांना तोवर किरणोपचार सुरू करावे लागले. उरलेल्या ६१ जणांना तोपर्यंत ते लागलेच नव्हते. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियातील प्रयोगात मूत्रसंस्थेचा मध्यम किंवा तीव्र त्रास लगेच उपचार घेतलेल्यांपैकी ७० टक्क्यांना झाला, थांबलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना.

ब्रिटनप्रमुख प्रयोगाचे दहा वर्षांचे निकाल २०२४ मध्ये आले. दूरच्या अवयवांत रोग न पसरलेल्यांचे प्रमाण लगेच उपचारानंतर ९३ टक्के व थांबण्याने ९० टक्के होते. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे, आणि एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. तेव्हा बहुसंख्य रुग्णांनी थांबणे हेच आज इष्ट मानले जाते. मात्र रोग लसीका ग्रंथींत उतरलेला असेल, किंवा पेशींच्या रचनेवरून दिला जाणारा ग्लीसन गुणांक ८ ते १० असून शुक्राशयही ग्रासलेले असेल, अशा रुग्णांची संख्या या प्रयोगांत थोडी होती. त्यांच्यासाठी लगेच उपचाराचा विचार अजूनही गंभीरपणे केला जातो.

खिदिरपूरचे दोन रहिवासी

हे सगळे आकडे ज्या अटीवर उभे आहेत ती अट म्हणजे वेळेवर होणारी रक्ततपासणी. ती अट पाळणे कोणाला कितपत शक्य आहे हे पाहण्यासाठी कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळीकाठी वसलेल्या खिदिरपूरचे उदाहरण घेऊ. १८९२ पासून तेथे गोदी आहे, आणि पिढ्यानपिढ्या ती गोदी-कामगारांची व खलाशांची वस्ती आहे.

समजा, गोदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून तेथे राहतात. शस्त्रक्रिया झाली, छेदाच्या कडेवर कर्कपेशी आढळल्या, पी. एस. ए. शून्यावर आले. त्यांना उपचारासाठी दूर जावयास नको. हाजरा येथील चित्तरंजन कर्करोग रुग्णालय जवळच आहे. कृत्रिम किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या इरेन झोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते १९५० साली त्याचे उद्घाटन झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला राजारहाट येथे २०११ पासून टाटा वैद्यकीय केंद्र व २०२२ पासून चित्तरंजन संस्थेचे दुसरे आवार आहे. या गृहस्थांना दर तीन-चार महिन्यांनी रक्त देणे सहज शक्य आहे. त्यांच्यासाठी थांबणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे. तो उपचाराचाच एक आखलेला क्रम होय. मधल्या काळात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करून लघवीवरील ताबा त्यांना परत मिळविता येईल. पुढे किरण घ्यावे लागलेच, तर ते भरून आलेल्या सांध्यावर पडतील.

आता त्याच गल्लीत राहणारा, वयाने लहान व अजून नोकरीत असलेला एक खलाशी घ्या. अहवाल तोच, आकडा तोच. पण तो सलग सहा-आठ महिने जहाजावर असतो. त्याची तपासणी रजेवरच व्हायची, आणि रजा लांबली तर तीही राहायची. वाढ ०.१ वर कळण्याऐवजी ती १ किंवा २ वर कळली, तर किरणोपचारांनी रोग निपटण्याची संधी पुष्कळ घटलेली असेल, कारण ०.५ च्या आत, आणि शक्य तर ०.२ च्या सुमारास, सुरू केलेला उपचार अधिक फलदायी ठरतो. अशा माणसाने बंदरोबंदरी तपासणीची व्यवस्था होईल का, हे आधी विचारावे. ती होणे नसेल, तर त्याच्यासाठी लगेच किरणोपचार घेणे हा अविचार ठरत नाही. दोघांच्या हाती एकच कागद असूनही सल्ला निराळा पडू शकतो. म्हणून वैद्याकडे जाताना अहवालाबरोबर आपल्या दिनक्रमाची, प्रवासाची व घरच्या परिस्थितीची हकीकतही सांगितली पाहिजे.

ज्यांनी थांबावयाचे ठरविले त्यांनी तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. निरनिराळ्या यंत्रांचे आकडे किंचित निराळे येतात आणि ०.०५ चे ०.०८ झाले म्हणून विनाकारण झोप उडते. एका आकड्यावर निर्णय करू नये. वाढ दिसली तर थोड्या अवधीने पुन्हा रक्त द्यावे. वाढ खरी ठरल्यावर, कर्कपेशींना चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून घेतले जाणारे पेट-चित्र मोठ्या शहरांत काढता येते. पण इतक्या कमी पातळीवर ते चित्र पुष्कळदा कोरे निघते. चित्र कोरे आहे म्हणून रोग नाही असे समजून आणखी थांबणे ही घातक चूक होय. किरणांबरोबर काही महिने पुरुष-हॉर्मोन दडपणारे औषध घ्यावे की नाही, हाही प्रश्न तेव्हाच येतो. पी. एस. ए. जितके जास्त व रोग जितका उग्र, तितका त्याचा उपयोग अधिक.

तपासण्या साधारणतः पहिली दोन वर्षे तीन-चार महिन्यांनी, पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी व नंतर वर्षातून एकदा करतात. दहा वर्षांनंतरही क्वचित वाढ आढळते. तेव्हा जुने अहवाल तारीखवार लावून ठेवावेत, आणि ते कोठे ठेवले आहेत हे घरातील आणखी एकाला ठाऊक असावे.